मौनी रडेपर्यंत

पडदे शिवून घ्यायचे तर काकूंकडेच, असं त्या भागात ठरून गेलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांब टेबल आणि छताला टेकलेले कापडाचे तागे. मागच्या खोलीत संसार. काका निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर हॉर्न ऐकून त्यांना कमी ऐकू येतं, असं काकू म्हणत. "पाहिजे ते बरोबर ऐकू येतं," असं काकांचं म्हणणं. एकुलती लेक लग्न होऊन लांब गेली होती, तिची मुलंही मोठी झाली होती. घर शांत झालं होतं आणि काकूंना शांतता मानवत नसे.

अनाथ बाळांच्या संस्थेत त्या पडद्यांची मापं घ्यायला गेल्या, तेव्हा तिथल्या ताईंनी विषय काढला. दत्तक जाईपर्यंत बाळानं कुणाच्या तरी घरात वाढावं, म्हणून त्या घरं शोधत होत्या.

"थोड्या महिन्यांचा प्रश्न असतो, मावशी. पण आधीच सांगते, ठेवून घेता येणार नाही. तुमचं वय नियमात बसत नाही."

"मला कुठे ठेवून घ्यायचंय?" काकू म्हणाल्या. "एक वाढवली तेवढी पुरे झाली."

लवकरच बाळ घरी आलं. नऊ महिन्यांची मुलगी, पण अंगानं चार महिन्यांची वाटावी अशी. सतत उताणी ठेवल्यानं डोकं मागून चपटं झालेलं, तिथले केस झिजून गेलेले. बसवली की एका अंगाला कलंडायची. या सगळ्याला काकू फारशा घाबरल्या नाहीत. पोटात गेलं की अंग धरेल, असा त्यांचा हिशेब. त्या घाबरल्या दुसऱ्याच गोष्टीला. मुलगी रडत नव्हती. भुकेली असली तरी नाही, लंगोट ओला झाला तरी नाही. छताकडे बघत पडून राहायची, आणि कुणी वर वाकलं की नजर बाजूला वळवायची.

"गुणाची पोर आहे," काका पहिल्या दिवशी म्हणाले. पुढे त्यांनाही ते खटकायला लागलं. "ही तर मौनीबाबा निघाली की!" तेव्हापासून ती मौनी.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. कान चांगले होते, घसाही चांगला.

"रडणं ही बाळाची हाक असते, काकू," त्या म्हणाल्या. "तिथे पोरं खंडीभर आणि बाया मोजक्या. कितीही जीव तोडून केलं तरी हात पुरत नाहीत. हाक मारून कुणी येत नाही म्हटल्यावर बाळ हाक मारायचं सोडून देतं."

"मग आता काय करायचं?"

"ती बोट हलवेल, हुं करेल, काहीही करेल, त्याला उत्तर द्यायचं. प्रत्येक वेळी. बाळाचा मेंदू दुधावर वाढतो तसा यावरही वाढतो."

बोलायचं काम काकूंना सांगावं लागतं थोडंच! मशीनशेजारी सतरंजी घालून त्या मौनीला पालथी ठेवायच्या आणि शिवता शिवता बोलत राहायच्या. "हा बघ, काठ दुमडला. आता टीप मारू. अगं बाई, दोराच तुटला!" मौनी हुं म्हणाली की मशीन थांबायचं. "काय म्हणालीस? खरंय तुझं, दोराच हलका आहे." गिऱ्हाईक बिचारं ताटकळत उभं. खाली मौनीच्या हाताशी मखमलीचे, जाळीचे, खरखरीत तागाचे तुकडे असत. ती ते चिवडायची, चोखायची, मखमलीवर गाल घासायची. हळूहळू तिनं मान उचलून धरली, मग कोपरांवर उठली. काका तिला मांडीत घेऊन बस चालवायचे. "घाट आला, धरून बसा!" म्हणत डावीउजवीकडे कलायचे, आणि तोल सावरता सावरता मौनीची पाठ ताठ झाली.

बसायला लागली आणि एकदा तोल जाऊन मशीनच्या लोखंडी पायावर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. काकू धावल्या. मौनीनं डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा हातातला तुकडा बघायला लागली. हूं नाही की चूं नाही. कुणाला शोधलंसुद्धा नाही. तिला उराशी धरून काकूच हुंदके देऊन रडल्या.

"लागलं तर सांगावं गं, राणी. मी इथेच तर असते."

त्यानंतर कधीतरी मौनी काकूंच्या तोंडाकडे बघायला लागली. आधी चोरून, मग टक लावून. काकू मशीनवरून उठल्या की तिची नजर त्यांच्यामागून जायची.

एका दुपारी काकू कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पडदे लावायला गेल्या. शिडीवर चढल्या होत्या, तोच काकांचा फोन आला.

"लवकर ये. मौनी रडतेय."

"अगं बाई! पडली का?"

"पडली नाही, काही नाही. तू दार ओढून गेलीस ना, तेव्हापासून दाराकडे बघून रडतेय. ऐक, ऐक!" आणि काकांनी फोन तिच्यापुढे धरला.

अर्धा पडदा तसाच लोंबकळत सोडून काकू निघाल्या. जिन्यातच भोकाड ऐकू आलं. दार उघडलं तर मौनी लालबुंद, नाक वाहतंय, आणि काका तिला घेऊन हसतायत की रडतायत ते कळेना. काकूंना बघताच मौनीनं दोन्ही हात पुढे टाकले. काकूंनी घेतल्यावरही बराच वेळ ती त्यांच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसत राहिली, मुठीत त्यांचा पदर गच्च धरून. शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली, तर काका म्हणाले, "काही नाही, आमची पोर रडतेय!" आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. संस्थेतल्या ताईही खूश झाल्या. "आता हिच्यासाठी आईबाप बघायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "एकावर जीव लावता आला की दुसऱ्यावरही लावता येतो."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, ते नियमाचं... काही होत नाही का?"

"मावशी..."

"नाही, आपलं सहज विचारलं."

आईबाप चांगले मिळाले. ती शाळेची व्हॅन चालवायची, तो पोस्टात. दोघं रोज संध्याकाळी येऊन बसायचे. मौनी त्यांना बघून काकूंच्या कुशीत लपायची, आणि काकूंना मनातून बरं वाटायचं, मग वाटलं म्हणून लाज वाटायची. ताईंनी सांगितलं होतं, तुम्ही हळूहळू मागे सरका. म्हणून काकूंनी आधी खुर्ची लांब नेली, मग मशीनकडे तोंड करून बसायला लागल्या. मौनी रांगत येऊन पायाला धरायची. काकू शिवण थांबवत नसत, पण टीप वाकडी जायची.

अशाच एका संध्याकाळी मौनीचं बोट टेबलाच्या खणात चेमटलं. ती किंचाळली आणि रडत रडत काकूंकडे रांगत निघाली. काकू अर्ध्या उठल्या, मग तशाच खाली बसल्या. मध्येच मौनी थांबली. काकूंकडे बघितलं, सतरंजीवर हात पसरून बसलेल्या त्या दुसऱ्या बाईकडे बघितलं, आणि वळून तिच्याकडे गेली. ती बाई मौनीला थोपटता थोपटता स्वतःच रडायला लागली. काकू उठून मागच्या खोलीत गेल्या आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसल्या. भांडी घासलेलीच होती.

मौनी गेल्यावर घर खायला उठायचं. शिवताना काकूंच्या तोंडून निघून जायचं, "हा बघ, काठ दुमडला," आणि समोरचं गिऱ्हाईक विचारायचं, "मला काही म्हणालात?" रस्त्यात कुणाचं मूल रडलं की त्या थबकायच्या. आई येऊन त्याला उचलेपर्यंत त्यांचा पाय निघत नसे.

तिला तिकडे नीट रुळू द्या, मग भेटा, असं ताईंनी सांगितलं होतं. त्यामुळे मौनी भेटायला आली ती चांगली तीन वर्षांची होऊन. धावत जिना चढून आली, तोंडाची टकळी चालूच. काकूंना बघितलं आणि आईच्या मागे लपली.

"आई, ही कोण?"

आई गडबडली. "अगं, तू लहान असताना..."

"मी पडदे शिवते," काकू म्हणाल्या. "तुला कुठला रंग आवडतो?"

"पिवळा!"

काकूंनी पिवळ्या कापडाचा मोठा तुकडा कापून दिला. मौनीनं तो खांद्यावर टाकला आणि खोलीभर पळत सुटली. निघताना आईनं सांगितलं म्हणून टाटा केला. खाली व्हॅन सुरू झाली, तेव्हा काकू खिडकीशी उभ्या होत्या. मौनीनं वर बघितलं नाही.

"काहीच आठवत नाही गं तिला," काका म्हणाले.

"इतकं लहानपणीचं कुणाला आठवतं? तुम्हाला आठवतं?"

"मला सकाळचं आठवत नाही."

काकू हसल्या, पण डोळे खिडकीबाहेरच होते.

ताईंनी पुढे दोनदा विचारलं, दुसरं बाळ आहे, घेता का? काकूंनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. काका म्हणाले, "घे की, तुझाही जीव रमेल."

"नको," काकू म्हणाल्या. "मी त्याच्यात हिलाच शोधत बसेन. त्या पोरानं का सोसायचं ते?"

मग त्यांनी सुईत दोरा ओवला. दिवस मावळायच्या आत एका घरचे पडदे पुरे करायचे होते.