पानी पिलीस का?

वज्रेश्वरीच्या देवीला मी नवस बोलले तो रागानेच. माझा मुलगा सैन्यात. राजस्थानात सरावाच्या वेळी त्याला उष्माघात झाला आणि त्याची शुद्ध हरपली. हे मिळेल त्या गाडीने तिकडे गेले, मी सुनेबरोबर राहनाळला घरी. एरवी रोज फोनवर तो विचारायचा, "आये, पानी पिलीस का?" त्यांना शिकवणारे उस्ताद उन्हात शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावत, तीच सवय. मी म्हणायचे, तुझी उस्तादी तिकडेच ठेव. आता देवीला म्हटलं, पोर शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, बघू तुला दया येते का. खरं सांगते, ती ऐकते यावरचा माझा विश्वासच उडाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ओट्यावर बसले होते. घशाला कोरड पडलेली. समोर गोदामांच्या रस्त्यावर लष्कराचा ट्रक बंद पडला, बाकीच्या गाड्या पुढे निघून गेलेल्या. जवानांचं पाणी संपलेलं, आणि गाडी सोडून जायची परवानगी नाही. एकजण चाकाला टेकून बसला होता, तोंड लालभडक, बोलणं अडखळत. मी माठातलं पाणी कळशीत भरून नेलं. त्यांच्यातला मोठा हात जोडून म्हणाला, "माताजी, बाहर का पानी लेना मना है।"

मी पहिल्यापासून तोंडाळ. "अरे, मी काय विष घालून आनलंय? मीच पिते आदी, मंग तर घेशील?"

"आई, नवस हाय तुमचा!" सून दारातून ओरडली.

माझा हात थांबला. शब्द मोडला आणि तिकडे माझ्या पोराचं काही झालं तर? एवढ्यात तो चाकापाशी बसलेला मान टाकू लागला. मी डोळे मिटून पेलाभर पाणी प्याले, रडतच प्याले. मग त्यांनी त्याला घोट घोट पाजलं, डोकं-मान भिजवली. थोड्या वेळाने मदतीची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. त्याचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही.

देवीच्या तसबिरीसमोर जायला मी धजले नाही. दिवेलागणीला ह्यांचा फोन आला. लेक शुद्धीवर आला होता. मूत्रपिंडं अजून धड नाहीत, पुन्हा वर्दी घालता येईल की नाही, कुणी सांगत नाही. ह्यांनी फोन त्याच्या कानाला लावला. आवाज ओळखू येत नव्हता.

"आये, पानी पिलीस का?"

"पिले रे, बाला."

याला कुणी चमत्कार म्हणो, न म्हणो. मी देवीला अट घातली होती, ती तिने माझ्याच हातून मोडवली. आता मी तिला अटी घालत नाही, लेकराचं पुढचं तिच्यावर सोडलंय. त्या संध्याकाळी त्याच्याशी खोटं बोलावं लागलं नाही, एवढ्यासाठी रोज तिच्या पायाशी डोकं ठेवते.