खाऱ्या पाण्यातली नळी

पोरगी हसायला लागली म्हणजे उपचार संपला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? राजिवड्याच्या फरीदाला हेच सांगायला अख्खा मोहल्ला उभा होता. ती ऐकणाऱ्यातली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल लिहितेय.

फरीदा खाडीत कालवं, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले धारदार शिंपले, काढायची. ओहोटी लागली की कोयती घेऊन खडकावर, आणि नंतर मच्छीमार्केटात माझ्या शेजारी बसून विकायची. गिऱ्हाईकानं कालवं नुसती चिवडली तरी त्याचा उद्धार करायची. नवरा अयूब आखातात, बंदरातला गाळ उपसणाऱ्या बोटीवर. घरात सासू आणि तेरा वर्षांची अलफिया.

दोन हजार तीन साली अलफियाच्या डाव्या कुशीत कळा यायला लागल्या. कळ आली की ओकायची. शेजारपाजारचे म्हणायचे, उष्णता आहे, शहाळं पाजा. फरीदा पाजायची, आणि पोर आणखीच तळमळायची. एकदा भर मार्केटात ती माझ्यावरच खेकसली, "कमळाताई, पाणी पाजलं की दुखणं वाढतं! हे कसलं औषध?"

"मग माझ्यावर काय ओरडतेस? ऊठ, दवाखान्यात चल."

सोनोग्राफीत दिसलं, डावी किडनी सुजलीय. लघवी किडनीतून खाली उतरते त्या तोंडाशीच वाट अरुंद, बहुतेक जन्मापासून. पोर जास्त प्यायली की लघवी मागे तुंबायची. म्हणजे आपण मायेनं शहाळी पाजत होतो आणि कळ वाढवत होतो.

ऑपरेशनचं नाव निघताच सासूनं डोळ्याला पदर लावला. "पोरीच्या पोटावर व्रण! उद्या लग्नाचं काय गो?"

"अम्मा, व्रण झाकता येतो," फरीदा म्हणाली. "किडनी गेली तर काय झाकू?"

मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेले. तिथल्या डॉक्टरनं आणखी तपासण्या केल्या आणि सरळ सांगितलं. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची खात्री जास्त. दुसरा उपाय म्हणजे लघवीच्याच वाटेनं बारीक दुर्बीण वर न्यायची आणि अरुंद जागा लेसरनं आतून कापायची. पोटावर टाका नाही, पण काहींची वाट पुन्हा आवळते. अलफियाची किडनी अजून बरी चालत होती, त्या जागी आडवी रक्तवाहिनीही नव्हती, म्हणून तिला लेसर चालणार होता. मी इतकं विचारलं की डॉक्टर हसले, "ताई, तुमचे प्रश्न संपले की मी सुरू करतो."

"संपणार नाहीत. तुम्ही सुरू करा," मी म्हटलं.

लेसर नीट झाला. कापलेली जागा भरेपर्यंत वाट उघडी राहावी म्हणून आत एक मऊ नळी ठेवली. सहा आठवड्यांनी ती काढायची. डॉक्टरनं बजावलं, "विसरलात तर तिच्यावर क्षार चढतील, खडे धरतील. वाचवलेली किडनी त्या नळीपायीच जाईल."

घरी आल्यावर थोडे दिवस लघवीला जळजळ झाली, मग अलफिया पाखरासारखी मोकळी झाली. शहाळी सुद्धा पचवायला लागली. तेवढ्यात अयूब सुट्टीवर आला. नळी काढायला जायचं म्हटल्यावर म्हणाला, "कशाला काढायची? माझं कामच हे. पाइप आहे तोवर वाट उघडी. पाइप काढला की गाळ परत बसतो." सासूनं मान डोलावली. "पोर बरी आहे, पुन्हा भूल कशाला?" ओट्यावर जमलेल्या बाप्यांनाही ते पटलं.

माझं टाळकं सटकलं होतं. मी तोंड उघडणार, इतक्यात फरीदा उठली. परसात जाऊन लोखंडी पाइपाचा एक तुकडा आणला आणि नवऱ्यापुढे आदळला.

"जेटीजवळ पडलेला होता, परवा ओहोटीत उचलला. आत बोट घाला."

अयूबनं बोट घातलं. जाईना. आतून सगळी कालवं धरलेली, धारदार.

"खाऱ्या पाण्यात ठेवलेलं काय साफ राहतं? मी रोज तेच खरवडून पोट भरते. आणि लघवी काय गोडी असते?"

अयूबनं रक्त आलेलं बोट चोखलं आणि हसला. "गो, माझ्याच धंद्यात मला हरवलंस."

"हरवायला वेळ नाय. उद्याच्या एसटीत तुमीपण बसायचं."

बसला. नळी निघाली. पुढच्या तपासणीत सूज उतरलेली दिसली. वाट पुन्हा आवळू शकते, म्हणून नंतरच्या तपासण्याही फरीदानं चुकवल्या नाहीत. तो पाइप मात्र तिनं मार्केटात आपल्या पाटीशेजारी ठेवला. पोर बरी आहे तर आता कशाला जायचं, असं कुणी बोललं की ती म्हणायची, "घाल बोट."

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात, तुमच्या वाडीत कुणा पोराच्या पोटात अशी नळी असेल, तर ते पोर कितीही उड्या मारत असो, आजच डॉक्टरला विचारा ती कधी काढायची, आणि त्या दिवशी हाताला धरून त्याला घेऊन जा.