शेलूच्या गटात वहिनीचा सर्व्हर

भिसेगावच्या घरात बसून मी आसपासच्या लहान धंद्यांचे सर्व्हर सांभाळतो. एकेकाची वेगळी देखभाल करायचा मला कंटाळा. म्हणून प्रत्येकाच्या नावात आधी गाव घालतो आणि सॉफ्टवेअरला सांगून ठेवतो: नावाची सुरुवात कर्जतने झाली की तो कर्जतच्या गटात, खोपोलीने झाली की खोपोलीच्या. मग हुकूम सोडायचा तो अख्ख्या गटाला. शेलूत माझं एकही गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सरावाचे सर्व्हर शेलूच्या नावाने ठेवले होते. तो गट दर रविवारी पहाटे आपोआप पुसला जायचा. ही हुशारी मी घरातल्या प्रत्येक लग्नात कुणाला तरी धरून ऐकवली आहे.

यंदा दादा-वहिनी शेलूच्या नव्या इमारतीत राहायला गेले आणि वहिनीने डबे सुरू केले. कोणाला काय हवं त्याच्या नोंदी ठेवायला तिच्यासाठी मी सर्व्हर उभा केला आणि सवयीने नावात आधी गाव घातलं.

रविवारी सकाळी तिचा फोन. "भाऊजी, सगळं कोरं झालंय हो! कुणाला बिनकांद्याचं, कुणाला बिनसाखरेचं, काहीच दिसत नाही. माझ्याच हातून भलतं काही दाबलं गेलं असणार. उद्या एकाचा डबा दुसऱ्याला गेला तर धंदा बसलाच माझा."

मला क्षणात उमगलं: नावात आधी शेलू, म्हणून सरावाच्या गटाबरोबर तिचाही सर्व्हर पहाटे पुसला गेला. बॅकअपसुद्धा गटावरच बेतलेला; सरावाच्या सर्व्हरचा बॅकअप कोण घेतो? तरी तोंडून निघालं, "होतं असं कधीकधी, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे चूक माझी, आणि वर मीच तिला माफ केलं!

फोन ठेवून बायकोला खरं काय झालं ते सांगितलं. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगताय तिला, की मी सांगू?"

शेलू गाठलं. वहिनी ओट्यापाशी डोळे पुसत उभी होती, आणि ओट्यावर कांदा नव्हता. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सकाळपासून मी स्वतःला मूर्ख म्हणतेय, ते..."

"ते माझं होतं, वहिनी."

"मग घेऊन जा की! आणि जाताना दारोदार विचारत जा, कोण काय खातं ते."

खालच्या मजल्यावर एका आजोबांनी दार उघडलं. मी साखरेचं विचारलं.

"बाईंना सांगितलं हाय की समदं. इसरल्या का त्या?"

"नाही हो आजोबा, त्या कशाला विसरतील? पुसलं गेलं." मग लिहून घ्यायला वही उघडली. "मी पुसलं."