वसुधाताईंचं ‘मग?’

बातमी आली तेव्हा मी विंचूरला माझ्या कारखान्यात होतो. आम्ही कांद्याचे काप वाळवून विकतो. त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. फोनवर वसुधाताईंचा मुलगा होता. “काका, आई गेली... पहाटे, झोपेतच.” मी नुसतं ‘हं’ म्हणालो, फोन ठेवला आणि पट्टा बसवायला आलेल्या मेकॅनिकशी उगाचच भांडलो. दुःख झालं की मला आधी राग येतो, हे वसुधाताईंनी फार पूर्वीच ओळखलं होतं. त्या असत्या तर शांतपणे म्हणाल्या असत्या, “बरं, भांडून झालं. मग?”

हे ‘मग?’ त्यांचंच. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्या समोरच राहत आणि कॉलेजात वाणिज्य शिकवत. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘मग मॅडम’ म्हणत. कुणी कितीही आकडे, तक्ते, बातम्या घेऊन आलं तरी त्या शेवटपर्यंत ऐकून घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि तेवढा एकच शब्द विचारत. त्यांचं म्हणणं साधं होतं. जे कळलं त्यामुळे उद्या सकाळी एखादी गोष्ट वेगळी करणार नसाल, तर ते कळून उपयोग काय? त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुलांनी त्यांना चहाचा भलामोठा मग दिला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत छापून घेतलं, ‘मग?’ हा चावटपणा बाईंना इतका आवडला की पुढे त्या दुसऱ्या कशातून चहाच पीत नसत.

कॉलेजातला त्यांचा एक किस्सा मी त्यांच्याच तोंडून ऐकलेला. पहिल्या तासाला मुलं गैरहजर राहतात म्हणून बैठक बसली. हजेरीचे रंगीत तक्ते भिंतीवर लागले आणि या मुलांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, असं ठरत आलं. बाईंनी तेच तक्ते घरी नेले, त्या मुलांना बोलावून विचारलं, तर बहुतेक सगळी मनमाडकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीची निघाली. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडालाच. हजेरी सगळ्यांकडेच होती, पण मुलांना दटावण्यापलीकडे तिचा उपयोग कुणाला सुचला नव्हता. बाईंनी स्वतःचा पहिला तास शेवटी नेला. त्यांना घरी जायला उशीर होऊ लागला आणि सहकारी नाक मुरडत राहिले, ते वेगळंच.

माझ्यावर त्यांनी हा प्रयोग केला तेव्हा मात्र मी चिडलो होतो. माझा माल परत येऊ लागला होता, कारण कापांत ओल राहत होती. धंदा बसतो की काय अशी वेळ. मी हौसेनं केबिनमध्ये मोठा पडदा लावून घेतला होता. वाळवणीच्या यंत्रातली ओल, उष्णता, सगळं त्यावर दिसायचं. बाई एकदा विंचूरला आल्या तेव्हा मी त्यांना तो ऐटीत दाखवला.

“मग?”

“मग काय मग? सगळं दिसतंय की इथं.”

“इथं दिसतंय, भाऊ. माल भरणाऱ्या बायकांना दिसतंय का?”

माल भरायचा तो अंगणापलीकडच्या शेडमध्ये. मी संध्याकाळी आकडे बघायचो, तोवर पिशव्या बंद झालेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी पडदा केबिनमधून निघून शेडच्या भिंतीवर गेला. तिथली मुकादमीण आकडा बघून सरळ म्हणायला लागली, “लय ओल दावतंय, थांबा जरा.” माल परत यायचा थांबला. माझी केबिन मात्र टीव्ही विकलेल्या घरासारखी ओकीबोकी दिसू लागली, आणि त्यावरून बाईंनी मला पुष्कळ दिवस चिडवलं.

निवृत्तीनंतर दर शनिवारी त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग भरे. छोटा धंदा करणारी किंवा घरची शेती बघणारी तरुण मुलं येत, आपापली माहिती मांडत आणि ‘मग?’ला सामोरी जात. आजारपणातही त्यांनी तो चालवला. शेवटचा भेटलो तेव्हा मी नव्या उपचारांबद्दल मिळेल ते मोबाईलवर जमवून नेलं होतं. त्यांच्या पलंगाशी बसून सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा कपाळावर नेला.

“मग?”

उत्तरही त्यांनीच दिलं. “मग असं करा, चहा ठेवा. आणि शनिवार तुम्ही घ्या.”

“मला शिकवता येत नाही. मी ओरडेन पोरांवर.”

“ओरडा. पण वर्ग बंद पडू देऊ नका. ही पोरं सगळं वाचतात आणि मग गर्दी जाईल तिकडं जातात.”

मी ‘बघू’ म्हणालो. माझ्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे त्यांना माहीत होतं. आपला तो मग दोन्ही हातांत धरून त्या चहा पीत राहिल्या. तो चहा मला अजून छळतो.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलानं घर बंद करायचं म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. वर्गातल्या मुलांना शनिवारी निरोप द्यायचा, वर्ग संपला म्हणून सांगायचं आणि कुलूप लावायचं, एवढंच मनाशी ठरवून मी गेलो. मुलं सतरंजीवर नेहमीसारखी बसली होती. टेबलावर तो मग होता, अक्षरं भिंतीकडे. मी तोंड उघडायच्या आत नामपूरची कविता उभी राहिली. घरची कांदे साठवायची चाळ तीच बघते. “सर, नामपूरला आवक वाढनी शे...” म्हणून अहिराणीत सुरू झाली, जीभ चावली आणि पुढे शुद्ध मराठीत कुठल्या बाजारात काय भाव, कोण काय म्हणतंय, गावातले सगळे उद्याच माल विकायला काढणार आहेत, हे सगळं तिनं घडाघडा सांगितलं. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळेच बघत होते.

तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी हात पुढे केला आणि टेबलावरचा मग फिरवला, अक्षरं तिच्याकडे येतील असा.

कवितानं ते वाचलं. डोळे पुसले, बराच विचार केला. “मग... कोंब यायला लागलाय तेवढाच माल उद्या काढते. चांगला चाळीत राहू दे. बाकीच्यांचं बाकीच्यांपाशी.”

“बस खाली,” मी म्हणालो. किल्ली खिशात टाकली. “पुढचं कोण?”