आपांना न विचारता बसवलेला डेस्कटॉप

मी पत्रकांवर वाढले. नायगावला आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांना लागून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवरून मी अक्षरं शिकले. मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला आले, दोनदा मार्क कमी पडले आणि एका डीटीपीच्या दुकानात प्रश्नपत्रिका टाइप करायला बसले. तिथंही भांडायला विषय सापडलाच. दुकानातलं सगळं सॉफ्टवेअर चोरीचं होतं.

दुकान आपांचं. त्यांच्या सासऱ्यांचा खिळे जुळवायचा छापखाना होता. गल्लीत क्लास वाढले तसा आपांनी तो मोडला आणि संगणक घेतला. चोरीचं काढा, फुकट आणि सगळ्यांना खुलं असलेलं लिनक्स लावा, ही माझी भाषणं त्यांनी सहा महिने ऐकली.

“लाव बाई तुझं ते लिनक्स,” एक दिवस त्या म्हणाल्या. “तुझ्या तत्त्वासाठी न्हाई. पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन राहिलेत म्हणून.”

वर्षभर सुरळीत चाललं. मेनू कुठं, बटणं कुठं, हे आपांच्या हाताला पाठ झालं. मग नव्या आवृत्तीचा बीटा आला. बीटा म्हणजे अजून पुरतं न झालेलं, लोकांनी वापरून चुका कळवाव्यात म्हणून खुलं केलेलं. त्यात डेस्कटॉपच, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणीच, पार नवा होता. माझ्याकडे स्वतःचा संगणक नव्हता. रविवारी दुकान बंद असताना मी तो आपांच्या संगणकावर बसवला. वर एक काळी पट्टी आणि खाली नुसतं मोकळं आकाश. मी खुर्चीवरून उठून लांबूनही बघून घेतलं.

सोमवारी गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या क्लासचा फिजिक्सचा पेपर दोन वाजेपर्यंत द्यायचा होता. आणखी एकदा उशीर झाला तर काम समोरच्या दुकानात जाईल, असं क्लासच्या सरांनी बजावलं होतं. दुकानाचं निम्मं काम त्यांचंच होतं.

“मेनू कुठंय?” आपांनी विचारलं.

“आता मेनू नसतो, आपा. नवीन पद्धत आहे. कसं मोकळं वाटतंय बघा.”

“मोकळं तर दिसून राहिलंय. माझं सामान कुठं टाकलंस?”

तेवढ्यात माऊस वरच्या कोपऱ्यात गेला आणि उघड्या फायली आक्रसून पडदाभर पांगल्या. आपांनी झटकन हात काढून छातीशी धरला.

“भूकंपानंतर आम्हाला नवं गाव मिळालं,” त्या म्हणाल्या. “सगळी घरं सारखी, रांगेत. अम्मी पाणी घेऊन यायची अन् शेजाऱ्याच्या घरात शिरायची. चूल कुठं पायजे, इचारलं का कुणी तिला? तू बी तसलीच साहेब निघालीस की गं.”

लोकांना विचारून घरं बांधा, या मागणीचं पत्रक आमच्या गठ्ठ्यांत होतं. मला ते तोंडपाठ होतं.

जुनं परत बसवायला संध्याकाळ झाली असती. मी त्यांना एक कळ दाखवली: ही दाबायची आणि हवं त्याचं नाव टाइप करायचं. आपांनी तीन अक्षरं टाइप केली. प्रोग्राम उघडला.

“हे बरंय. माऊसला हात लावायचं काम न्हाई.”

मग मी हस्तलिखित वाचत गेले, त्या टाइप करत गेल्या. फाईल हरवली की मी वाकून शोधून द्यायची, आणि त्या प्रत्येक वेळी “साहेब, इकडं बघा” म्हणायच्या. सर दारात आले तेव्हा शेवटचं पान प्रिंटरमधून निघत होतं.

“जुनं लावून देते,” सर गेल्यावर मी म्हणाले.

“आता थांब. आठ दिवस मी बघते. ठेवायचं का काढायचं, ते मी सांगीन.”

त्या आठ दिवसांत आपांनी तक्रारी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. खिडकी लहान करायचं बटण परत द्या. कोपऱ्याला हात लागला की सगळं उधळतं, ते बंद करा. आणि बदलायच्या आधी इचारत जा. इंग्रजीत करून मी त्या तक्रारी डेस्कटॉप बनवणाऱ्यांना पाठवल्या. शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

नवव्या दिवशी आपा म्हणाल्या, “ठेव. पण नवं काही बसवताना लागतो तो पासवर्ड कसा बदलायचा ते दाखव.”

मी दाखवलं.

“आता तिकडं तोंड कर.”

मी भिंतीकडे तोंड केलं. मागं कळा वाजत राहिल्या. बराच लांब पासवर्ड असावा.