दुसरी वायर

परवा घाटातल्या टपरीवर मी चहा घेत होतो, तेवढ्यात समोरच एका मोटरसायकलची क्लचवायर तुटली. मागे बसलेली बायको वैतागून खाली उतरली. नवरा मात्र लॉटरी लागल्यासारखा खूष! त्यानं जुन्या वायरीला चिकटूनच दुसरी, कोरी वायर हँडलपासून इंजिनापर्यंत आधीच बांधून ठेवली होती.

"कशाला मिरवता ही, म्हणून हसायचीस ना?" टोकं अडकवता अडकवता तो म्हणाला.

"बरं बाई, झालं समाधान?"

झालंच होतं. त्या बिनकामाच्या वायरीलाही तो नेमानं तेल पाजत आला असणार. माझा चहा निवला, पण मी बघतच राहिलो. काळजीपोटी जपलेल्या वस्तूची गरज कधी पडू नये असं आपण म्हणतो खरे, पण एकदा तरी पडावी, अशी चोरटी इच्छा मनात असतेच की!

तो उठला आणि त्याच्या शर्टाचं छातीवरचं बटण तटकन तुटलं.

"थांबा, थांबा!" म्हणत बायकोनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. आता लॉटरी तिला लागली होती.