फुफाजींचं वांगं

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे दवनीवाड्याला पाहुणे जेवायला यायचे, आणि आई दरवर्षी खिरीसोबत जवस घालून भरली वांगी करायची. दहा-बारा वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. त्यानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला माझी बायको, जी नर्स आहे, सकाळीच एकेका पाहुण्याला विचारू लागली, "तुम्हाला काय खाल्लेलं सोसत नाही?"

मला नवल वाटलं. पाहुण्याला असं कोणी विचारतं का?

आत्याचे यजमान, आमचे फुफाजी, जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "वांगं. घसा खाजवते, ओठ सुजते."

आईच्या हातातली पळी थांबली. "काऊन जी, इतकी वर्सं सांगतलं काऊन नाही?"

"तुमी एवढ्या मायेनं वाढता."

मला राहवेना. मग दरवर्षी खात कसे होता, असं मी त्यांना विचारलं. ते हसले. म्हणाले, आमच्या गावाहून, मुर्रीहून निघतानाच खाजेची गोळी खाऊन घेत होतो.

"सूज गळ्यात उतरली तर गोळीनं भागत नाही," बायकोनं त्यांना बजावलं.

आईनं वेगळ्या गंजात, वेगळ्या पळीनं दोडक्याची भाजी केली. फुफाजींनी ती तीनदा मागून घेतली. त्यांना दोडका इतका आवडतो, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.